लग्नाची कॅसेट कोणत्या डब्यात ठेवाल?

मैत्रिणींनो, दिवाळीच्या साफसफाईला माळा उतरवला, की जुन्या गाद्या आणि पितळी भांड्यांच्या मागून एक खोकं हमखास निघतं. त्यात काळ्या, जाड, पुस्तकाएवढ्या व्हिडिओ कॅसेटी असतात. एकीवर नणंदेचं लग्न, दुसरीवर दिराची मुंज. त्यांच्याखाली तबकड्यांची चळत, काहींवर वधूवरांचे हसरे फोटो, काही कोऱ्याच. तळाशी एखादा पेनड्राइव्ह, ज्याचं टोपण कधीच हरवलेलं. आताचं सगळं तर मोबाइलमध्येच असतं. आपण खोक्यावरची धूळ पुसतो आणि ते होतं तिथेच परत ठेवून देतो. बघायचं म्हटलं तर कॅसेट लावायला यंत्र नाही, नव्या लॅपटॉपला तबकडीची खाच नाही, आणि पेनड्राइव्ह लावलाच तर टीव्ही म्हणतो, ही फाइल मला चालत नाही!

“मग ठेवायचं कशाला? द्या भंगारात!” असं घरातली तरुण मंडळी म्हणतात. पण जरा थांबा बरं. आम्हा खान्देशातल्या घरांत तरी त्या खोक्यात नवरानवरीपेक्षा मोलाचं काहीतरी असतं. मांडवाच्या कोपऱ्यात बसून अहिराणीत गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या असतात. कानबाईचा पाट उठवताना म्हटलेली गाणी असतात. आज ती माणसं नाहीत, आणि गाणी म्हणणाऱ्याही घरोघरी उरलेल्या नाहीत. व्हिडिओवाल्याचं लक्ष होतं नवरीच्या दागिन्यांकडे. पण त्याच्या कॅमेऱ्याने नकळत या बायकांचे आवाज टिपून ठेवले. ते आवाज पुढच्या पिढीला मिळायचे की नाही, हे आता आपण ते कशात आणि कसे ठेवतो यावर आहे. म्हणून हा लेख.

आधी यंत्र जातं, मग फीत

आपल्याला वाटतं, कॅसेट जपून ठेवली म्हणजे झालं. खरी अडचण निराळीच आहे. घरोघरी आलेली व्हीएचएस जातीची कॅसेट जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली. ती चालवणारी यंत्रं शेवटपर्यंत बनवणारी कंपनी होती फुनाई. तिनेही जुलै २०१६ मध्ये हे काम बंद केलं. म्हणजे आज जी यंत्रं चालू आहेत ती सगळी जुनी. त्यांचे सुटे भाग मिळेनात, आणि दुरुस्त करणारे कारागीरही मोबाइलच्या धंद्याला लागले. कुलूप शाबूत आहे, पण किल्ली बनवणारा गाव सोडून गेला, तसं हे झालं.

हे फक्त आपल्यासारख्या घरांतच होतं असं समजू नका. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाने सगळ्या मुलुखाची पाहणी करून ‘डूम्सडे बुक’ नावाचं मोठं दप्तर लिहवून घेतलं होतं. त्याला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नव्या काळाचं तसंच दप्तर तयार केलं. शाळाशाळांतल्या मुलांनी आपापल्या गावची माहिती आणि फोटो पाठवले. ते सगळं त्या काळच्या नव्याकोऱ्या लेझर तबकड्यांवर साठवलं. पण पंधरासोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली. तज्ज्ञांना खटपट करून ती माहिती सोडवून आणावी लागली. नऊशे वर्षांपूर्वीचं दप्तर मात्र अजून डोळ्यांनी वाचता येतं!

आपल्याकडेही पाहा. सावेदादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रीकरण केलं. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचंही केलं. भारतीय माणसाने केलेलं हे अगदी पहिल्यापैकी चित्रीकरण, पण आज ते पाहायला मिळत नाही. १९३१ चा पहिला बोलपट ‘आलम आरा’, त्याचीही प्रत उरलेली नाही. सरकारने पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन केलं ते १९६४ मध्ये. तोवर बरंच काही हातचं गेलं होतं.

आणि जिथे कुणी वेळेवर सांभाळलं तिथे काय होतं, तेही सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ ओव्या म्हणणाऱ्या बायकांच्याच आवाजात टिपून घेतल्या. २०१७ पासून ‘परी’ या संस्थेने त्या सर्वांना ऐकता येतील अशा खुल्या केल्या. त्या बायकांपैकी कितीजणी आज हयात नाहीत. पण त्यांच्या नाती आपल्या आजीचा आवाज मोबाइलवर ऐकू शकतात. कारण एकच: जुन्या फितींवरचा आवाज वेळीच नव्या रूपात उतरवून घेतला गेला.

आमच्या तळोदे तालुक्यात तर याचं मोल फार लवकर कळतं. सरदार सरोवराच्या पाण्यात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ३३ गावं आली. मणिबेलीत पाणी शिरलं ते १९९३ पासून, आणि धरण पहिल्यांदा काठोकाठ, १३८.६८ मीटरपर्यंत भरलं ते सप्टेंबर २०१९ मध्ये. त्यांतली कितीतरी कुटुंबं आज आमच्या तालुक्यात, सोमावल, रेवानगरसारख्या वसाहतींत राहतात. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी १९९५ मध्ये केलेल्या ‘अ नर्मदा डायरी’ या माहितीपटात त्या काठचं जगणं पाहायला मिळतं. ज्यांचं घर, अंगण, देवाची जागा पाण्याखाली गेली, त्यांना नातवंडांना नेऊन दाखवता येईल असं काही उरलेलं नाही. तेव्हाची एखादी फीत कुणाच्या नातेवाइकाकडे असलीच, तर तेवढंच त्यांचं गाव!

डबा वेगळा, दळण वेगळं

आता मुद्द्याकडे वळू. फाइलच्या नावामागे एक शेपूट असतं: एमपीफोर, एव्हीआय, एमकेव्ही, एमओव्ही, व्हीओबी, थ्रीजीपी. ही नावं पाहून आपण घाबरतो. पण स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईला हे समजायला अवघड नाही.

फाइल म्हणजे डबा. डब्यात चित्र आणि आवाज एकत्र ठेवलेले असतात. डब्याचा प्रकार शेपटावरून कळतो. पण डब्यात दळण कसं आहे, जाडं की बारीक, हे बाहेरून कळत नाही. चित्र कमी जागेत मावावं म्हणून ते एका ठराविक रीतीने आवळून बसवतात. या रीतीला ‘कोडेक’ म्हणतात. म्हणून तर एक एमपीफोर टीव्हीवर लागते आणि दुसरी लागत नाही. डबा तोच असतो, पण आतलं दळण टीव्हीला ओळखता येत नाही.

दळणाच्या मुख्य रीती लक्षात ठेवायच्या त्या चारच. व्हीसीडीमध्ये एमपेग-वन, डीव्हीडीमध्ये एमपेग-टू. त्यानंतर २००३ मध्ये आली एच-२६४, आणि २०१३ मध्ये एच-२६५, जिला एचईव्हीसी असंही म्हणतात. एच-२६५ ला तेवढ्याच चांगल्या चित्रासाठी जवळजवळ निम्मी जागा पुरते, पण जुने टीव्ही आणि जुने मोबाइल ती उघडत नाहीत. एच-२६४ आज जवळपास प्रत्येक मोबाइल, टीव्ही आणि संगणक उघडतो. म्हणून घरच्यांनी बघायच्या प्रतीसाठी माझं सांगणं सरळ आहे: डबा एमपीफोर, दळण एच-२६४, आणि आवाज एएसी. दुकानदाराला एवढे तीन शब्द सांगितले तरी त्याला कळतं, की बाई माहितगार आहेत.

अख्खी मिरची आणि तिखट

आपलं नंदुरबार मिरचीचं गाव. वर्षाची मिरची घेताना आपण काय करतो? सगळीच्या सगळी एकदम कुटत नाही. थोडी अख्खी राखून ठेवतो. अख्ख्या मिरचीचं तिखट केव्हाही करता येतं, हवं तर जाडं, हवं तर बारीक. पण तिखटाची पुन्हा मिरची होत नाही.

व्हिडिओचंही तसंच आहे. मोठी फाइल आवळून लहान केली, की तिच्यातले बारकावे कायमचे जातात. ती परत मोठी करून ते येत नाहीत. आवळलेली पुन्हा आवळली, तर आणखी जातात. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं कशी पुसट होतात, तसंच.

मी इथल्या शाळेत अर्धवेळ शिकवते. मराठीच्या तासाला मुलींना ‘आजीकडून ऐकलेलं गाणं’ असा उपक्रम दिला होता. एकीने मोबाइलवर आजीचा व्हिडिओ आणला. आजी गात होती, हाताने ताल धरत होती. हातावर कोपरापर्यंत गोंदण होतं. त्यातली नक्षी कोणती, हे बघायला आम्ही सगळ्याजणी पुढे वाकलो, तर नुसते हिरवे डाग! मामाने काकाला, काकाने बाबांना, बाबांनी हिला, असा व्हॉट्सअ‍ॅपवरून तो चार हातांतून आला होता, आणि प्रत्येक वेळी आवळला गेला होता. सुदैवाने मामाच्या मोबाइलमध्ये मूळ व्हिडिओ होता. तो मागवला, तर गोंदणातला प्रत्येक ठिपका मोजता आला.

तेव्हा नियम असा, की अख्खी मिरची राखायची आणि रोजच्या वापराला तिखट करायचं. मूळ फाइल जशी मिळाली तशी, काहीही न बदलता, एका जागी ठेवा. बघायला, पाठवायला एमपीफोर प्रत वेगळी करा. प्रत केली म्हणून मूळ पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचंच असेल, तर ‘गॅलरी’तून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मग ती आवळली जात नाही, आणि २ जीबीपर्यंतची फाइल जाते.

तुमच्या खोक्यात काय आहे?

व्हीएचएस कॅसेट: हिचा नंबर पहिला लावा, कारण फीत आणि यंत्र दोन्ही म्हातारी झाली आहेत. कॅसेटच्या खिडकीतून फितीकडे बघा. पांढरी बुरशी दिसली, तर ती कुठल्याही यंत्रात घालू नका. बुरशी यंत्रात पसरते आणि फीतही फाटते. अशी कॅसेट जाणकाराकडेच द्यावी. बाकीच्या कॅसेटी उतरवून घ्यायला चालू यंत्र, संगणक आणि दोघांना जोडणारं लहानसं उपकरण लागतं. फीत जेवढ्या वेळाची, तेवढाच वेळ उतरवायला लागतो. तीन तासांच्या लग्नाला तीन तास! अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेली कॅसेट असेल, तर तसं आधी सांगा. तिकडची पद्धत एनटीएससी, आपली पाल. दोन्ही चालवणारं यंत्र लागतं.

हँडीकॅमच्या लहान कॅसेटी: १९९५ नंतरच्या मिनी-डीव्ही जातीच्या असतील, तर त्यांतलं चित्र मुळातच आकड्यांच्या रूपात असतं. ते जसंच्या तसं संगणकावर उतरतं. एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. जागा जास्त म्हणून कुरकुर करू नका, हीच आपली अख्खी मिरची.

व्हीसीडी: हिच्यात एमपेग-एव्ही नावाचं फोल्डर असतं, आणि त्यात डीएटी शेपटाची फाइल. ती तशीच संगणकावर उतरवून ठेवा. व्हीएलसी नावाचा मोफत प्लेअर ती चालवतो. व्हीसीडीचं चित्र मुळातच लहान असतं, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. मोठ्या टीव्हीवर ते धूसर दिसणारच. ‘एचडी करून देतो’ असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा, जे टिपलंच नाही ते आणणार कुठून?

डीव्हीडी: हिच्यात व्हिडिओ-टीएस नावाचं फोल्डर असतं. त्यातली एकच फाइल न उचलता सगळं फोल्डर उतरवून घ्या. हिचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. यातून एमपीफोर करायची असेल, तर हँडब्रेक नावाचं मोफत साधन आहे. त्यात ‘डी-इंटरलेस’ चालू ठेवा, नाहीतर नवरी मान वळवते तेव्हा चित्रात कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. आणि चित्राचा आकार ताणू नका. जुनं चित्र चौकोनी असतं. ते रुंद टीव्हीभर ताणलं, की सडपातळ मावशीही गरगरीत दिसते!

जुन्या मोबाइलमधली थ्रीजीपी, इंटरनेटवरून उतरवलेली एफएलव्ही, विंडोजची डब्ल्यूएमव्ही: मूळ ठेवा, पण एमपीफोर प्रत आजच करा. एफएलव्हीचा मुख्य आधार फ्लॅश, तो त्याच्या कंपनीने ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला. एका कंपनीच्या मर्जीवर चालणारा प्रकार असा एका दिवसात बंद होऊ शकतो.

आताचा मोबाइल: आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘हाय एफिशिअन्सी’ आणि ‘मोस्ट कॉम्पॅटिबल’ असे दोन पर्याय असतात. पहिला म्हणजे एच-२६५, दुसरा म्हणजे एच-२६४. साध्या एचडी चित्रीकरणाला एका मिनिटाला पहिल्यात सुमारे ६० एमबी लागतात, दुसऱ्यात १३०. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही अशीच निवड असते. घरात जुना टीव्ही किंवा जुना संगणक असेल, तर कार्याच्या दिवशी दुसरा पर्याय लावा.

आता एखादी चौकस मैत्रीण विचारील, “मोठमोठी संग्रहालयं काय वापरतात?” चित्रातला एकही ठिपका न गमावता साठवायची एफएफव्ही-वन नावाची रीत आहे, आणि तिला एमकेव्हीचा डबा. या दोन्हींची कृती सर्वांसाठी खुली छापलेली आहे, पहिलीची २०२१ मध्ये, दुसरीची २०२४ मध्ये. कृती खुली असली, की कंपनी बुडाली तरी दुसरा कुणी ती वाचणारं साधन बनवू शकतो. पापडाची कृती एकट्या काकूंनाच ठाऊक असणं आणि ती वहीत लिहिलेली असणं, यात जेवढा फरक आहे तेवढाच. पण या फाइली फार मोठ्या होतात. घरच्या व्हीएचएससाठी कुणी हौसेने केलं तर उत्तमच. नाही केलं तरी चांगल्या प्रतीची एच-२६४ आपल्याला पुरेशी आहे.

स्टुडिओवाल्याशी बोलताना

कॅसेट उतरवायला दिली, की बहुतेक जण आपल्या सोयीने काहीतरी करून देतात. म्हणून आधीच स्पष्ट बोला. फीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न कापता उतरवायची. वर गाणी चढवायची नाहीत. फुलं, बदाम, चांदण्या नकोत. तबकडीवर न देता फाइल म्हणून द्या, आणि मूळ कॅसेट परत करा. कॅसेटी एकदम सगळ्या देऊ नका. आधी एक द्या, ती नीट आली का बघा, मग पुढच्या.

गाण्यांचं मी मुद्दाम सांगते आहे. लग्नाच्या व्हिडिओत हळदीच्या प्रसंगावर सिनेमाचं गाणं चढवायची पद्धतच पडून गेली आहे. हळद लावताना आत्याने म्हटलेलं गाणं त्याखाली दबून जातं, आणि तयार व्हिडिओतून ते परत काढता येत नाही. तुमच्या घरात येत्या मोसमात कार्य असेल, तर ठरवतानाच सांगून ठेवा, की सजवलेला व्हिडिओ द्या, पण कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलीही आम्हाला हव्यात. त्यासाठी लागणारी हार्ड डिस्क आपणच द्यावी. कार्य होऊन काही महिने गेले, की स्टुडिओवालेही जागा मोकळी करायला मूळ फाइली पुसून टाकतात. मग कितीही गयावया केली तरी उपयोग नाही.

ठेवायचं कुठे?

आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो. पावसाळ्यात भिंतींना ओल येते. फीत, तबकडी, हार्ड डिस्क, तिघांनाही हे दोन्ही घातक. जागा हवी ती आतल्या खोलीतली, भिंतीपासून थोडी सुटी असलेल्या कपाटाची. कॅसेटी पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. तबकड्यांवर कागदी चिकटपट्टी लावू नये, बॉलपेनने लिहू नये आणि त्या उन्हात ठेवू नयेत. घरी भरलेल्या तबकडीत रंगाचा थर असतो. उजेडाने आणि उष्णतेने तो विटतो.

एकाच ठिकाणी सगळं ठेवलं, असं मात्र कधी करू नका. जाणकारांचा नियम आहे: तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. आपल्यासाठी याचा अर्थ असा. एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर. दुसरी तशीच दुसऱ्या हार्ड डिस्कवर, पण ती बहिणीकडे किंवा माहेरी, म्हणजे दुसऱ्या गावी. तिसरी इंटरनेटवरच्या साठ्यात, निदान निवडक प्रसंगांची तरी. घराला आग लागो, पाणी शिरो की चोरी होवो, एक तरी वाचते.

जागेचा हिशोब अवघड नाही. डीव्हीडी काठोकाठ भरली तर ४.७ जीबी. म्हणजे १ टीबीच्या, अर्थात १००० जीबीच्या डिस्कवर दोनशेच्या वर डीव्हीडी मावतात. व्हीसीडी तर त्याहून कितीतरी जास्त. बहुतेक घरांचा सगळा जुना संग्रह एका डिस्कवर बसून वर जागा उरते. म्हणून जागा वाचवायला जुन्या फाइली आवळत बसण्यात काही अर्थ नाही.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड नेण्याआणण्यापुरती बरी. वर्षानुवर्षं वीज न देता पडून राहिली, तर त्यांतलं विसरतात. इंटरनेटच्या साठ्याचंही नीट समजून घ्या. गुगल फोटोजची मोफत अमर्याद सोय १ जून २०२१ ला संपली. आता सगळं मिळून १५ जीबी मोफत मिळतात. तिथे ‘स्टोरेज सेव्हर’ निवडलं, तर तेही आवळूनच ठेवतात. मूळ ठेवायचं तर ‘ओरिजिनल क्वालिटी’ निवडावं लागतं. आणि दोन वर्षं खातं उघडलंच नाही, तर ते पुसून टाकण्याचं गुगलचं धोरण २०२३ मध्ये जाहीर झालं आहे. आजोबांच्या नावाच्या खात्यात सगळं असेल आणि आजोबा गेले असतील, तर हे ध्यानात असू द्या. तिथलं सगळं वेळेत उतरवून घ्या.

नाव घालायला विसरू नका

‘व्हीआयडी ००४७’ नावाच्या फाइलीत काय आहे, हे तुमच्याही लक्षात राहणार नाही, मग नातवंडांची काय कथा? नाव घालताना आधी साल, मग महिना, मग दिवस, मग प्रसंग आणि गाव लिहा. उदाहरणार्थ, ‘२०१४-०५-११ वहिनीचं लग्न शहादा’. अशी नावं दिली, की संगणक आपोआप त्यांना सालाप्रमाणे रांगेत लावतो.

जोडीला एक साधी दोनशे पानी वही करा. प्रत्येक फाइलीला एक पान. त्यावर लिहा, मांडवात डावीकडून कोण कोण बसलं आहे, गाणं कोण म्हणतंय, गाण्याचे शब्द काय आहेत, ते कोणत्या प्रसंगाचं. बोली अहिराणी, गुजरी, भिली किंवा पावरी असेल, तर शब्द जसे कानाला येतात तसेच लिहा, आणि शेजारी मराठीत अर्थ. हे काम एकटीने होत नाही. सासूबाईंना, आत्याबाईंना शेजारी बसवा आणि व्हिडिओ थांबवत थांबवत विचारा, “आई, ही हिरव्या लुगड्यातली कोण?” त्या एकीचं नाव सांगतील, मग तिच्या सासरचं, मग तिच्या भांडणाचं. लिहून घ्या सगळं. फाइल कोणत्या डब्यात आहे ते तज्ज्ञ पन्नास वर्षांनीही शोधून काढतील. हिरव्या लुगड्यातली कोण, हे सांगणारं माणूस मात्र तेव्हा मिळणार नाही.

दरवर्षी एकदा

पापड-कुरडयांना आपण मधूनमधून ऊन दाखवतो ना? तसंच वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, दोन्ही डिस्क संगणकाला लावा. पाचसहा फाइली उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट बघा. एखादी उघडत नसेल, तर दुसऱ्या प्रतीवरून लगेच भरून घ्या. डिस्कवर खरेदीची तारीख लिहून ठेवा, आणि पाचएक वर्षं झाली की नवी घेऊन तिच्यावर सगळं उतरवा. त्याच वेळी विचारपूस करा, की एमपीफोर अजून सगळीकडे चालते ना? ती मागे पडू लागली, तर तेव्हाच्या चालत्या प्रकारात नवी प्रत करा. मूळ फाइली असल्या, की पुन्हा तिखट कुटायला कितीसा वेळ!

एवढं सगळं एका सुट्टीत होणार नाही, आणि तशी घाईही नको. पहिल्या रविवारी खोकं उतरवून नुसती यादी करा. दुसऱ्या रविवारी तबकड्या संगणकावर उतरवा. ज्यांच्या घरी जुनं यंत्र चालू आहे असं कानावर आलं असेल, त्यांना फोन करा. मैत्रिणी मैत्रिणींनी मिळून केलं, तर एकच यंत्र आणि एकच जोडणी चारपाच घरांना पुरते. सुरुवात कुठून करायची म्हणाल, तर ज्या कॅसेटीत घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईचा आवाज आहे, ती आधी काढा. ती बाई आज हयात असेल, तर उतरवलेली पहिली प्रत तिलाच दाखवा. आणि तिची परवानगी असेल, तर ते बघताना ती जे बोलेल, तेही मोबाइलवर टिपून घ्या.